हातउसन्याला आमच्याकडे कर्ज म्हणत नाहीत

मी बी.कॉम. आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून. दिघोरीतल्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीची पायरी ओलांडली नव्हती, आणि सानगडीला सासरी आले तर तिथंही पदवीवाली पहिली मीच. साकोलीच्या एका पतसंस्थेत मी कारकून आहे. कर्ज थकवणाऱ्यांना पत्रं लिहिणं हे माझं मुख्य काम. 'आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की' इथून सुरू करायचं आणि 'पुढील कार्यवाहीस आपण स्वतः जबाबदार राहाल' इथं संपवायचं. ही भाषा अंगात इतकी मुरली आहे की एकदा नवऱ्याला गॅसचं सिलेंडर आणायची आठवण करताना मी 'सात दिवसांच्या आत' असं म्हणून गेले. ते घाबरून त्याच दिवशी घेऊन आले.

तर दिवसभर मी तालुक्याला कर्ज फेडायला शिकवायची आणि संध्याकाळी स्कूटी लावून घरात शिरले की आमच्याच घरातले मेसेज टणटण वाजायचे. नवऱ्याच्या मोटारसायकलची किस्त. आमच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाची किस्त. दोघांचे मोबाइल किस्तीवर, म्हणजे ज्या फोनवर आठवण यायची त्याच फोनचे पैसे बाकी. त्यात नवऱ्यानं एका ॲपवरून दहा मिनिटांत बारा हजार काढलेले. घ्यायला दहा मिनिटं लागली, फेडायला किती लागतील हे त्या ॲपमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि आमचे हे बारीक अक्षर वाचत नाहीत. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार नव्यानं भरणं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा सानगडीत कोणी नाही. हंगामात दुकानासमोर मोटारींची रांग लागते. हंगाम संपला की रांगही संपते. किस्तीला मात्र हंगाम नसतो.

हे असंच चाललं असतं. आमच्या गल्लीत सगळ्यांचं तसंच चालतं. पण माझी धाकटी नणंद भंडाऱ्याला नर्सिंगला लागली. तीन वर्षांचा कोर्स. सासरे नाहीत, त्यांच्या नावानं राहिलेली एक ठेव पहिल्या वर्षाच्या फीत गेली. दुसऱ्या वर्षाची फी बेचाळीस हजार. दिवाळीनंतर परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. फी पूर्ण नसेल तर फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर वर्ष वाया.

शैक्षणिक कर्ज मिळेल म्हणून नवरा आणि मी बँकेत गेलो. साहेबांनी यांचा नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं आणि मान हलवली.

"स्कोर फार खाली आहे तुमचा."

आमचे हे खुर्चीत पुढं सरकले. "किती कमी पडून राहिला साहेब? सांगा ना, मी भरतो."

साहेब हसले नाहीत. त्यांना हा प्रश्न रोज येत असावा.

ही बातमी सासूबाईंच्या धाकट्या भावाला कळली. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांनी लगेच फोनवर उपाय सांगितला. "पोट्टीचं लगन करून टाका बाई. माह्या पाहण्यात जागा हाय, पोट्टा ट्रॅक्टरवाला हाय. फी वाचते." फोन ठेवल्यावर सासूबाईंनी बराच वेळ तांदूळ निवडले, आणि ते तांदूळ आधीच निवडलेले होते. तेव्हा मला कळलं, की दिवाळीनंतर फी भरली गेली नाही तर ट्रॅक्टरवाला घरी चहाला येणार.

मी ठरवलं, घरातल्या कर्जाचा निकाल लावायचा. बी.कॉम. कशाला केलं मग?

सुरुवात मी मोबाइलवरच्या व्हिडिओंपासून केली. कोट घातलेला एक माणूस कर्जमुक्तीचे उपाय सांगत होता. पहिला उपाय, रोजची बाहेरची कॉफी सोडा. सानगडीत बाहेर कॉफी मिळत नाही. ती आधी सुरू करून मग सोडावी लागली असती. दुसरा उपाय, जिमचं सभासदत्व बंद करा. आमच्या घरातलं एकमेव जिम म्हणजे बोअरिंगचा हातपंप, आणि त्याची फी नाही. तिसरा उपाय, पगाराचे पन्नास टक्के गरजांवर, तीस टक्के इच्छांवर खर्च करा आणि वीस टक्के बाजूला टाका. मी मांडून पाहिलं. आमच्या गरजा एकशे आठ टक्के भरल्या, आणि इच्छा अजून मांडायच्याच होत्या.

पण त्या कोटवाल्याचं एक म्हणणं मला पटलं. सगळी कर्जं एका कागदावर लिहा, त्याशिवाय शत्रू दिसत नाही. मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागं रकाने पाडले. कोणाचं, किती बाकी, व्याज किती, किस्त कोणत्या तारखेला. कागद भिंतीला लावला. सासूबाई आल्या, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "भिंतीवर काहून लावली वो ही पंचाईत? लक्ष्मी कोठून येईन अशानं?"

"लक्ष्मी येते आई, पण येताक्षणी या कागदातल्या लोकांकडं जाते. म्हणून तिचा रस्ता लिहून ठेवला."

काही गोष्टी खरंच कामाच्या निघाल्या, त्या सांगते. सगळ्यात जास्त व्याज ॲपचं होतं. बाकीच्या किस्ती नियमित ठेवून हाताशी जे काही उरेल ते सगळं ॲपवर टाकलं. व्याजाचा साप आधी मारायचा, बाकीची गांडुळं नंतर. सगळ्या किस्तींची तारीख बदलून माझ्या पगाराच्या दुसऱ्या दिवसावर आणली, कारण महिन्याच्या वीस तारखेला आमच्या खात्यात फक्त मेसेज असतात. एक किस्त चुकली की दंड पडतो, दंडासाठी दुसरीकडून घ्यावं लागतं, आणि आमचं निम्मं कर्ज त्या दंडाचीच पिल्लं होती. लग्नाच्या कर्जासाठी मी स्वतः त्या संस्थेत जाऊन बसले आणि किस्त छोटी करून मुदत वाढवून मागितली. लोक थकल्यावर तोंड लपवतात. मी पलीकडच्या खुर्चीत बसते म्हणून मला ठाऊक आहे, थकायच्या आधी आलेल्या माणसाचं ऐकून घेतात. आणि किराण्याचं खातं बंद केलं. उधारीवर आणलेली साखर लवकर संपते, हे कुठल्या पुस्तकात नाही, पण खरं आहे. रोख पैसे देऊन आणली की चमचा आपोआप लहान होतो.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ॲप संपलं. दसऱ्याला माझ्या मोबाइलची शेवटची किस्त गेली. सुटलेले पैसे दर महिन्याला मी एका वेगळ्या खात्यात टाकत होते. त्याला घरात नाव पडलं 'फीचं पासबुक'. त्यात एकोणतीस हजार जमले. दिवाळीचे म्हणून ऑफिसमधून पाच हजार मिळाले. राहिले आठ.

"हे बघा," मी नवऱ्याला म्हटलं, "दिवाळीपर्यंत आठ हजार तुम्ही टाका. कसे ते मला माहीत नाही."

धनत्रयोदशीला त्यांनी आठ हजार टाकले. बेचाळीस हजार, बरोब्बर. मी पासबुक भरून आणलं आणि देवासमोर ठेवलं. त्या संध्याकाळी मला वाटलं, मोबाइलवर व्हिडिओ मीच करायला पाहिजेत. कोट तेवढा शिवावा लागेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू ओट्यावर येऊन बसल्या. विधवा बाई, एकट्या राहतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"सुनबाई, हायेस का वो घरी?"

"या ना काकू. चहा टाकू?"

"चाय नाही पायजे बापा. सासू कोठी गेली तुयी? तिले सांगजो, माहे सात हजार मंडईच्या आंधी पायजे होते. पोरगी-जवाई येऊन राहिले."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. पोरगी-जावई येणार, म्हणजे काकूंना पैसे लागणारच. पण माझ्या डोक्यात भलतंच अडकलं होतं.

"कोणते सात हजार काकू?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अव माय! तुले मालूमच नाही?"

सासूबाई बाजारातून आल्या. मी विचारलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, वांगी काढली, एक एक वांगं उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाल्या, "हो. घेतले. मंग?"

"आई, घरात एवढा कागद लावला, तुम्ही सांगितलं नाही कर्ज काढलं म्हणून?"

"कर्ज?" त्यांना खरंच राग आला. "कर्ज कोठी काढलं मी? हातउसने होय ते."

"म्हणजे कर्जच ना."

"कर्ज बँकेचं रायते. त्याले कागद रायते, सही रायते, व्याज रायते. हातउसन्याले काय रायते?"

"काय राहते?"

"तोंड रायते. ज्याच्याकडून घेतलं त्याले रोज तोंड दाखवा लागते. बँकेवाल्याले कोण तोंड दाखवते?"

यावर बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला काही शिकवलेलं नव्हतं. मी विचारलं, "अजून कोणाकडून घेतले?"

तीन घरं निघाली. समोरच्या वहिनीकडून दोन हजार, कोपऱ्यावरच्या आजीकडून दीड, मागच्या मावशीकडून एक.

"पण कशाला घेतले? घरखर्चाला मी देतच होते."

"तुया कागदात आहेर कोठी होता?" सासूबाई भिंतीकडं बोट दाखवून म्हणाल्या. "उन्हाळ्यात गल्लीत चार लगनं झाले. लोकायच्या मांडवात मी रिकाम्या हातानं जाऊ का? दोन बाळंतिणी पायल्या. एक तेरवी झाली. तू किराण्याचं खातं बंद केलं, मंग पाव्हना आला तं त्याले काय दाखवू, तुये रकाने?"

मी कागदाकडं पाहिलं. तिथं आहेराचा रकाना नव्हता. जगात लग्नंच होत नाहीत, कोणी मरत नाही आणि कोणाला मूल होत नाही, असं धरून मी तो केला होता. कोटवाल्याच्या गावात तसं असेल.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. सासूबाईंनी त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, जणू अन्याय माझ्याकडूनच झाला. ते ऐकत राहिले. फार शांतपणे ऐकत राहिले. लग्नाला पाच वर्षं झाली, आमच्या यांची शांतता मला ओळखू येते.

"पासबुकातले आठ हजार," मी म्हटलं. "मोटारींचे होते ना?"

"मोटारीचे नाहीत म्हंजे... हाताचेच समज."

"कोणाच्या हाताचे?"

"वेल्डिंगवाल्या दोस्ताचे," ते म्हणाले. "तू म्हनली, दिवाळीपर्यंत टाका, कसे ते माहीत नाही. म्हनून टाकले. हातउसने हायेत, कायले घाबरून राहिली? चुकारा आला की देतो."

सरकारी केंद्रावर धान विकलं की त्याचे पैसे येतात, तो चुकारा. तो कधी येईल हे केंद्रालाही माहीत नसतं, पण भंडारा जिल्ह्यातलं प्रत्येक हातउसनं 'चुकारा आला की' याच मुदतीवर उभं आहे. आणि आमची तर सगळी शेती दीड एकर, तिचा तांदूळ आम्हीच खातो. विकायला धानच नाही, तर चुकारा कुठून येणार?

म्हणजे माझ्या कागदावरचं कर्ज कमी झालं ही गोष्ट खरी होती. ते गल्लीत राहायला गेलं होतं, एवढंच.

मी बोलायला तोंड उघडलं. बरंच बोलायचं होतं. तेवढ्यात दिवाळीच्या सुटीला आलेली नणंद चुलीपाशी बसून म्हणाली, "वहिनी, ॲपचे शेवटचे पैसे तुमी कोठून भरले होते?"

"ते? ते माझ्या आईकडून पाच हजार घेतले होते. ते काय कर्..."

आणि मी थांबले. घरात तिघंही माझ्याकडं बघत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी फक्त धान चांगलं पिकलं तेव्हाच पाहिला होता.

"म्हन ना," त्या म्हणाल्या. "ते काय कर्ज थोडंच, असंच म्हनत होती ना?"

एकूण साडेचोवीस हजार. कागदाच्या बाहेरचं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नवा कागद घेतला आणि ओट्यावर बसून त्या तिन्ही घरच्या बायकांना बोलावलं. सासूबाईंना ते आवडलं नाही. हातउसन्याचा बोभाटा करत नसतात. पण त्याही ओट्यावर आल्याच, कारण समोरची वहिनी आली होती आणि ती काय बोलते ते ऐकायचं होतं.

मी विचारलं, "वहिनी, आमच्याकडून तुमचे दोन हजार येणं आहे. बरोबर?"

"हो. पन मी कोठी मांगतलं? राहू द्या ना." मग थोडं थांबून ती म्हणाली, "मलेच तं तुमच्या सासूले अडीच द्याचे हायेत."

"अडीच? कधीचे?"

"आखाजीचे. मिरचीसाठी घेतले होते."

मी सासूबाईंकडं वळले. "आई, तुमचेच अडीच हजार यांच्याकडं होते, मग तुम्ही यांच्याकडून दोन हजार उसने कसे घेतले?"

दोघींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शाळेत गेलेच नाही.

"ते मिरचीचे होते वो," सासूबाई म्हणाल्या. "हे आहेराचे."

"हो ना," समोरची म्हणाली. "ते पैसे वेगळे, हे वेगळे."

आमच्या गल्लीत पैशाला आडनाव असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मिरचीचा पैसा मिरचीलाच परत जातो, आहेराचा आहेराला. दोन्ही एकाच ओट्यावरून समोरासमोर जातात, रस्त्यात भेटतात, पण ओळख दाखवत नाहीत. कोपऱ्यावरच्या आजीला आम्ही दीड हजार देणं होतो आणि तिच्याकडून सातशे येणं होते, ते बियाण्याचे. मागच्या मावशीचं तर फिट्टंफाट, हजार इकडं, हजार तिकडं. तरी पोळ्यापासून ती आणि सासूबाई एकमेकींना चुकवून वेगवेगळ्या नळावर पाणी भरत होत्या, लाजेनं.

"मी तं समजलो, इले पैसे मांगाचे हायेत म्हनून ही तोंड फिरवते," मावशी म्हणाली.

"अन मी समजलो, तू," सासूबाई म्हणाल्या.

मी वजाबाकी केली. समोरच्या वहिनीनं पाचशे आमच्याऐवजी थेट आजीला द्यायचे. आम्ही आजीला तीनशे द्यायचे. खलास. आजीनं दोनदा विचारलं, "अन माहे दीड हजार?" मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "शिकलेल्या बाईचा हिसाब हाय, असन बरोबर," पण जाताना वहिनीनं दिलेले पाचशे रुपये तिनं तीन वेळा मोजले. चार घरांतल्या सत्तावन्न... नाही, मी आकडा फुगवून सांगत नाही. पंचेचाळीसशे देणं आणि बेचाळीसशे घेणं एका दुपारी तीनशे रुपयांत मिटलं. माझ्या ऑफिसात एवढी वसुली वर्षभरात होत नाही.

वेल्डिंगवाल्या दोस्ताचंही तसंच निघालं. त्याच्या तीन मोटारी आमच्या यांनी भरून दिल्या होत्या, प्रत्येकी बाराशेच्या, आणि दोस्ताकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून बिलच केलं नव्हतं. दोस्ताकडून घ्यायला लाज आणि दोस्ताला मागायला लाज नाही, हा हिशेब पुरुषांनाच जमतो. बिल केलं. उरले चव्वेचाळीसशे, चार महिन्यांत अकराशे-अकराशे द्यायचे ठरले, तारीख लिहून. चुकारा हा शब्द त्यात येऊ दिला नाही.

माझी आई थांबली असती. तिनं कधी मागितलंच नसतं, आणि जो मागत नाही त्याचं सगळ्यात शेवटी द्यायचं, हीच आपली रीत. त्या वेळी मीही ती पाळली.

काकूंचं मात्र तसं नव्हतं. त्यांचे जावई येणार होते. मी पासबुकातून सात हजार तीनशे काढले, काकूंच्या हातात सात ठेवले, आजीला तीनशे दिले. पासबुकात राहिले चौतीस हजार सातशे. फॉर्मची शेवटची तारीख मंडईनंतर आठव्या दिवशी. कमी पडले सात हजार तीनशे.

"आई," मी विचारलं, "तुमचं अजून कोणाकडं काही घेणं आहे?"

सासूबाई आत गेल्या. डाळ भिजत घालायला गेल्या म्हणे. डाळ सकाळीच भिजली होती.

नणंद हळूच म्हणाली, "मामाकडं पंधरा हजार हायेत. तीन साल झाले. गाडी घेतली तेव्हा नेले."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "आई, मामाजी परवा मंडईला येणारच आहेत. मागा."

"मंडईच्या पाव्हन्याले मांगत नसते," त्या मला पाठमोऱ्या म्हणाल्या.

हे खरं आहे. मंडईच्या पाहुण्याला आमच्याकडे काहीही विचारता येतं. पगार किती, पोरगा नापास कसा झाला, लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा का हलला नाही, सगळं. पण ज्याला जेवू घालायचं त्याच्याकडं हातउसनं मागायचं नाही. आणि मामाजी सासूबाईंकडं वर्षातून मंडईलाच येतात. एरवी ते आमचा फोन उचलत नाहीत, करतात तो उपदेशाचा. रीत आणि मामाजी यांचं असं छान जुळलेलं होतं.

मी एवढंच म्हटलं, "यंदा मटन आणायचं नाही. बेसनाच्या पातोडीचा रस्सा अन लाखोळीच्या डाळीचे वडे करू." सासूबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की दुःखाची, कळलं नाही.

मंडईच्या दिवशी अकरा वाजता मामाजींची पांढरी गाडी गल्लीत शिरली. गाडी एवढी धुतलेली की कोंबड्या तिच्यात तोंड बघत होत्या. जेवायला बसले. ताटात पातोडीचा रस्सा पाहून मामाजींनी वाटी बोटानं फिरवली.

"काय बाई, यंदा बोकडानं उपास धरला का?"

"महागाई हाय," सासूबाई म्हणाल्या.

"महागाई तं सगळ्याइलेच हाय. माही गाडीची किस्तच पाहा ना, चौदा हजार." मग ते नणंदेकडं वळले. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "काय वो पोट्टी, फीचं काय झालं? मी सांगतलं होतं, ट्रॅक्टरवाला अजून हाय बरं. कवापर्यंत थांबन तो?"

नणंदेनं पाणी ओतलं. ग्लास भरला, काठोकाठ भरला, आणि वाहायला लागला, तरी ती ओततच होती.

सासूबाई वडे वाढत होत्या. झारा तसाच हातात राहिला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुह्याकडं पंधरा हजार हायेत माहे."

आमच्या यांनी घास तोंडापाशी नेला आणि तिथंच ठेवला.

मामाजी हसले. "हो, हायेत ना! मी कोठी नाही म्हनतो? हातउसने काय पळून जातेत, बाई?"

"नाही जात पळून," सासूबाई म्हणाल्या. "तोच तं घोर हाय. तीन साल झाले, तुह्या घरी बसूनच हायेत. त्याइले आता अठी पाठव. पोट्टीची फी भराची हाय."

"जेवता जेवता मांगतं का कोनी? मंडई हाय आज."

"मंग कवा मांगू? तू येतं कवा?"

मामाजींनी ताटाला हात जोडले. दोन वडे तसेच राहिले. आमच्या भागात पाहुणा ताटावरून उठला म्हणजे घराला कमीपणा येतो, आणि तो कमीपणा सासूबाईंनी उभ्यानं पाहिला. मामाजी गाडीत बसले, नाटकासाठी थांबले नाहीत. काच खाली करून एवढंच म्हणाले, "मोठी शिकली तुयी सून."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "बी.कॉम. हाय."

पाच दिवस काही आलं नाही. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. सहाव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोनवर मेसेज आला, मामाजींकडून दहा हजार जमा. खाली काही शब्द नव्हते. मी त्या क्षणी एका थकबाकीदाराला पत्र लिहीत होते. त्यातलं 'जबाबदार राहाल' मी खोडलं आणि 'एकदा भेटायला या' असं लिहिलं. साहेबांनी ते पुन्हा बदलायला लावलं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नणंद आणि मी भंडाऱ्याला गेलो. फी भरली, फॉर्म भरला. उरलेले सत्तावीसशे मी कॉलेजच्या दारातूनच आईला पाठवले. "एवढ्या लवकर काहून?" असं ती फोनवर म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून कळलं की ती वाट बघत होती.

घरी आलो. सासूबाई ओट्यावर सुपात डाळ घेऊन बसल्या होत्या. नणंदेनं त्यांच्या हातात पावती दिली. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी केली.

"भाऊचा फोन आला होता का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

त्यांनी सूप उचललं आणि डाळ पाखडायला घेतली. भाऊ पुढच्या मंडईला येणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि त्यावर माझ्या कागदात काही उपाय नव्हता.

मग त्या नणंदेला म्हणाल्या, "अजून किती सालं रायले तुये?"

"एक, आई."

"म्हंजे अजून एक फी."

"हो."

सुपातला कोंडा त्यांनी फुंकून टाकला. "भाऊकडं पाच रायले," त्या म्हणाल्या. "आखाजीले मीच जातो त्याच्या घरी जेवाले. पाव्हन्यानं मांगू नये असं तं कोनी सांगतलं नाही."